मलाक्काचं वलंदेजी चर्च: कसं जायचं, काय बघायचं, फरशीवरचे दगड कसे वाचायचे

मलेशियातल्या मलाक्का शहराच्या मध्यभागी लाल रंगाचं एक चर्च आहे. बहुतेक पर्यटक चौकातल्या कारंज्यापाशी उभं राहून त्याच्यासोबत फोटो काढतात, दारातून आत डोकावतात आणि पाच मिनिटांत बाहेर पडतात. आत फोटो काढता येत नाहीत, त्यामुळे थांबण्यासारखं काही नाही असं त्यांना वाटतं. पण या चर्चमधल्या सगळ्यात मोलाच्या दोन गोष्टी डोळ्यांच्या पातळीवर नाहीतच. एक डोक्यावर आहे आणि दुसरी पायाखाली. त्या नीट बघायला पाऊण तास लागतो, आणि थोडी तयारी.

मराठीत डचांना जुना शब्द आहे वलंदेज. शिवकालीन कागदपत्रांत तोच येतो. वेंगुर्ल्याला ज्यांच्या वखारीचे पडके अवशेष आजही उभे आहेत, तेच हे लोक. त्यांच्या ईस्ट इंडिया कंपनीने १६४१ मध्ये पोर्तुगीजांकडून मलाक्का जिंकून घेतलं. त्या विजयाला शंभर वर्षं झाली म्हणून १७४१ मध्ये या चर्चचं काम सुरू झालं आणि १७५३ मध्ये ते पुरं झालं.

कधी जायचं

मलाक्का विषुववृत्तापासून जेमतेम दोन अंश उत्तरेला आहे. आपल्यासारखे ऋतू तिथे नाहीत. वर्षभर ३०-३२ अंश तापमान, हवेत दमटपणा आणि दुपारनंतर कधीही कोसळणारा पाऊस. म्हणून महिन्यापेक्षा वार आणि वेळ नीट निवडा.

शुक्रवार, शनिवार, रविवार शक्यतो टाळा. या तीन संध्याकाळी नदीपलीकडच्या जोंकर रस्त्यावर रात्रबाजार भरतो आणि क्वालालंपूर-सिंगापूरची गर्दी शहरात उतरते. शिवाय रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना असते. ही इमारत म्हणजे संग्रहालय नाही, इथे आजही नियमित उपासना होते, आणि त्या वेळात पाहुण्यांनी दगड बघत फिरणं योग्य नाही. लग्न किंवा अंत्यविधी असेल तर आठवड्यात एरवीही दार बंद मिळू शकतं. म्हणून शहरात एक रात्र मुक्काम ठेवावा, म्हणजे दुसऱ्या दिवशी पुन्हा जाता येतं.

मंगळवार ते गुरुवार, सकाळी दार उघडताच जाणं सगळ्यात चांगलं. दार उघडण्याची वेळ आदल्या संध्याकाळी तिथली पाटी वाचून पक्की करा. मलेशियाचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे आणि तिथे सूर्य सातच्या सुमाराला उगवतो. त्यामुळे घड्याळात नऊ वाजले तरी ऊन अजून तिरपं असतं. दगडावरची अक्षरं वाचायला तिरपाच उजेड लागतो. मध्यान्हीच्या उजेडात कोरीव अक्षरांना सावलीच पडत नाही आणि आख्खा दगड सपाट, कोरा दिसतो. क्वालालंपूरहून एका दिवसाच्या सहलीला आलेल्या बसगाड्या साधारण साडेदहा-अकराला चौकात येतात. त्याआधी आतलं बघून झालेलं असावं.

पोचायचं कसं

मुंबईहून क्वालालंपूरचं थेट विमान साधारण पाच तासांचं आहे. भारतीयांसाठीचे व्हिसाचे नियम मलेशियाने गेल्या काही वर्षांत बदलले आहेत, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी ते ताजे तपासा. त्याशिवाय पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमन-पत्र भरावं लागतं. ते मलेशियाच्या इमिग्रेशन खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावर फुकट भरता येतं. इंटरनेटवर शोध घेतला की पैसे मागणारी भलतीच संकेतस्थळं वर येतात, तिथे कार्डाचा नंबर देऊ नका.

मलाक्का शहरात रेल्वे नाही. जवळचं स्टेशन पुलाऊ सेबांग (तांपिन) तीसेक किलोमीटर आत आहे, त्यामुळे नकाशावर रेल्वे दिसली म्हणून त्या वाटेला जाऊ नका. बसच बरी. क्वालालंपूरच्या दक्षिणेला बंदर तासिक सेलातान स्टेशनला जोडून मोठं बसस्थानक आहे, त्याला सगळे टीबीएस म्हणतात. तिथून मलाक्का सेंट्रलला दिवसभर गाड्या आहेत, प्रवास साधारण दोन तासांचा. विमानतळावरूनही मलाक्काच्या थेट बसगाड्या सुटतात. शहर बघायचं नसेल तर सामान घेऊन क्वालालंपूरमध्ये शिरण्याची गरजच नाही.

सिंगापूरहूनही बस आहे, पण सीमेवर दोनदा उतरावं लागतं, एकदा सिंगापूरच्या बाजूला आणि एकदा मलेशियाच्या. दोन्ही वेळा सामान सोबत घ्या आणि आपल्या गाडीचा नंबर लिहून ठेवा. रांगेत फार उशीर झाला तर गाडी थांबत नाही, त्याच कंपनीच्या पुढच्या गाडीत बसावं लागतं. शुक्रवारी संध्याकाळी ही सीमा ओलांडणं म्हणजे रात्र वाया घालवणं.

मलाक्का सेंट्रलला उतरलात की परतीचं तिकीट तिथेच काढून ठेवा, विशेषतः रविवारी परतणार असाल तर. तिथून जुनं शहर चार-पाच किलोमीटर आहे. स्थानिक गाड्यांच्या फलाटावरून १७ नंबरची बस लाल चौकापाशी जाते. दोघं-तिघं असाल तर मोबाइलवरून मागवलेली टॅक्सी सोयीची पडते. चौकात फुलांनी सजवलेल्या, मोठमोठ्याने गाणी लावलेल्या तीनचाकी सायकलरिक्षा उभ्या असतात. बसण्याआधी भाडं आणि वेळ दोन्ही ठरवा.

सोबत काय घ्यायचं

खांदे आणि गुडघे झाकतील असे सुती कपडे, छत्री, पाण्याची बाटली, छोटी वही आणि पेन्सिल. वहीचं कारण साधं आहे. आत फोटोला मनाई आहे, तेव्हा दगडावरची दोन ओळी अक्षरं हातानेच उतरवून घ्यावी लागतात, आणि हाताने उतरवताना जेवढं लक्षात येतं तेवढं फोटोत येत नाही. प्रवेशाशी देणगीपेटी असते, तिच्यासाठी रिंगिटच्या, म्हणजे मलेशियाच्या चलनाच्या, सुट्या नोटा खिशात ठेवा. तुळया आणि कौलं अडीचशेहून जास्त वर्षं या दमट हवेत टिकवायला खर्च येतो.

आधी बाहेरून

दारावरची पाटी वाचा: ख्राइस्ट चर्च मेलाका, १७५३. या एका ओळीत तीन राजवटी आहेत. साल वलंदेजांचं. नाव इंग्रजांचं, कारण १८२४ च्या करारानं मलाक्का इंग्रजांकडे गेलं आणि १८३८ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी हे चर्च इंग्लंडच्या पंथात घेऊन त्याला हे नाव दिलं. आणि शहराच्या नावाचं स्पेलिंग आजच्या मलय भाषेतलं. १७५३ मध्ये या इमारतीला ख्राइस्ट चर्च कुणीच म्हणत नव्हतं.

दुसरा गैरसमज रंगाचा. लाल रंग म्हणजे डच, असं चौकात सर्रास ऐकायला मिळतं. चर्च मुळात पांढरं होतं, शेजारच्या स्टाडहाऊससह ते १९११ मध्ये, म्हणजे इंग्रजांच्या काळात, लाल रंगवलं गेलं. चौकातला घड्याळाचा मनोरा लाल असला तरी डच नाही, तो १८८६ चा आहे आणि एका चिनी व्यापारी कुटुंबाच्या पैशातून उभा राहिला. स्टाडहाऊस मात्र खरोखर डच, १६५० च्या सुमाराचं, गव्हर्नरचं निवासस्थान आणि कचेरी.

रंगाच्या आत काय आहे ते कोकणातल्या माणसाला चटकन कळेल. भिंती डच विटांच्या आणि जांभ्याच्या आहेत. जांभा मलाक्कात मुबलक. खाणीतून काढताना मऊ असतो, कापायला सोपा, हवेवर कडक होतो, पण सच्छिद्र असल्यामुळे पाणी धरतो. उघडा ठेवला तर पावसात झिजतो, म्हणून वरून गिलावा हवाच. अशा भिंतीत गिलावा फुगणं, पोपडे सुटणं हे दर काही वर्षांनी ठरलेलंच. भिंतीच्या पायथ्याशी असे डाग दिसले तर तो कुणाचा निष्काळजीपणा नव्हे, जमिनीतला ओलावा वर चढतो आहे.

आता चार पावलं मागे सरून इंग्रजांची डागडुजी शोधा. वरचा घंटेचा छोटा मनोरा आणि वातकुक्कुट, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारा कोंबडा, त्यांचा. दर्शनी ओवरीही एकोणिसाव्या शतकातली. खिडक्या मुळात मोठ्या होत्या, त्याही त्यांनी लहान करून सजवल्या. हे सगळं मनातल्या मनात काढून टाकलं की खाली उरतो तो एक साधा लांबट आयत आणि त्यावर उताराचं कौलारू छप्पर. वलंदेजांनी बांधलं ते एवढंच. घंटा मात्र चर्चपेक्षा जुनी आहे, तिच्यावर १६९८ साल आहे.

आत शिरल्यावर: आधी वर बघा

डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला दोन मिनिटं मागच्या बाकावर बसा. मग छताकडे बघा. सभागृह ८२ फूट लांब, ४२ फूट रुंद आणि ४० फूट उंच आहे, आणि मध्ये एकही खांब नाही. छत पेलतात त्या आडव्या तुळया. प्रत्येक तुळई साधारण ४८ फुटांची, एकाच झाडाच्या खोडातून काढलेली, कुठेही सांधा नाही.

सांधा नसण्याचं महत्त्व सुताराला विचारा. तुळईवर वाकवणारा ताण मधोमध सर्वांत जास्त असतो. दोन तुकडे जोडून केलेली लांब तुळई मध्ये खांब दिल्याशिवाय तिथेच दगा देते. ओलं-सुकं होणाऱ्या हवेत सांधा आधी सैल होतो, मग त्यात पाणी आणि वाळवी शिरते. एकसंध खोड वापरलं की हे दुखणं टळतं. खांब नकोत म्हणून एवढा खटाटोप का, तर वलंदेजांच्या सुधारित पंथात उपासनेचा गाभा होता प्रवचन. प्रत्येक बाकावरून प्रवचनकार दिसला आणि ऐकू आला पाहिजे. त्यांच्याकडे वेदीचा थाट नसे, मूर्ती नसत, भिंती कोऱ्या. चकचकीत टाइल्सवर रंगवलेलं ‘शेवटचं भोजन’ वेदीवर दिसतं, ते पाहून ही मांडणी मूळची समजू नका. वेदीकडे तोंड करून बसण्याची आजची रचना चर्च इंग्लंडच्या पंथात गेल्यानंतरची आहे.

बाकं हाताने घडवलेली, जुनी. त्यांवर पिशव्या आपटू नका, पाठीवर रेलून वाकू नका. पितळेचं एक जुनं बायबल-पीठही इथे आहे, त्यावर योहानच्या शुभवर्तमानातलं पहिलं वचन कोरलेलं आहे.

आता पायाखाली

फरशीच्या दगडांमध्ये कबरींचे दगड बसवलेले आहेत. बाकीची फरशी ग्रॅनाइटची, आणि ती आली जहाजांतून. गलबत हलकं असताना समुद्रात लोळू नये म्हणून तळाशी दगड भरत. परतीला मसाला आणि माल भरला की ते दगड बंदरावर उतरवून टाकत. मलाक्कासारख्या बंदरात असे दगड साठत गेले आणि इमारतींत वापरले गेले. म्हणजे जे व्यापारी फरशीखाली झोपले आहेत, त्यांच्या जहाजांचं वजनही त्याच फरशीत आहे.

दगडांवर पोर्तुगीज, डच, इंग्रजी आणि आर्मेनियन अशा चार भाषा सापडतात. आर्मेनियन लिपी ओळखायला सोपी: उभ्या, वाकड्या हुकांसारखी अक्षरं, रोमनशी अजिबात न जुळणारी. इराणमधून आलेले आर्मेनियन व्यापारी सुरत आणि मद्रासेपासून मलाक्कापर्यंत पसरले होते.

वाचायचं तंत्र असं. दगडाच्या कडेला उकिडवे बसा, अक्षरांवर पाय देऊ नका. दाराकडून येणारा उजेड तुमच्या आणि दगडाच्या आडव्या रेषेत येईल अशी जागा घ्या. तरी दिसत नसेल तर तिथल्या माणसाची परवानगी घेऊन मोबाइलचा दिवा दगडाला जवळजवळ टेकवून, अगदी आडवा धरा. वरून उजेड टाकल्याने उपयोग होत नाही. खडू, पीठ किंवा पाणी लावून अक्षरं उठवण्याचा जुना प्रकार कृपा करून करू नका. खडू सच्छिद्र दगडात कायमचा बसतो, आणि कागद ठेवून पेन्सिल घासली की सुटत चाललेला पापुद्रा उचकटतो.

डच येत नसलं तरी दहा-बारा शब्दांवर बरंच काम भागतं. सुरुवातीला बहुधा ‘हीर’ असतं, म्हणजे ‘इथे’. पुढे ‘बेग्रावन’ आलं तर ‘पुरलेलं’, ‘रुस्ट’ आलं तर ‘विसावा घेतं’. ‘ओव्हरलेडन’ म्हणजे ‘वारले’, आणि त्याच्या लगत तारीख शोधायची. ओ-यू-डी ही तीन अक्षरं वयाची, त्यांच्यापुढे वर्षं, महिने आणि अनेकदा दिवससुद्धा मोजून लिहिलेले असतात. वय दिवसांत मोजलेलं दिसलं आणि वर्षांचा आकडा नसेल, तर ते बाळ होतं. ‘हाउसफ्राउ’ म्हणजे पत्नी आणि ‘वेडुवे’ म्हणजे विधवा, पुढे नवऱ्याचं नाव. ‘कोपमान’ म्हणजे व्यापारी, पण इथे तो कंपनीतला हुद्दा आहे: ‘ओन्डर’ लावला की धाकटा, ‘ओपर’ लावला की थोरला.

चुका नेमक्या तीन ठिकाणी होतात. पहिली, यू हे अक्षर अनेकदा व्ही सारखं कोरलेलं असतं, त्यामुळे शब्द ओळखू येत नाही. दुसरी, लांब एस हा एफ सारखा दिसतो. तिसरी महिन्यांची, आणि ती जाणकारही करतात. आकडा ७ आणि त्यापुढे ‘बर’ असं लिहिलं असेल तर तो सातवा महिना जुलै नव्हे, सप्टेंबर. ८ म्हणजे ऑक्टोबर, ९ नोव्हेंबर आणि १० किंवा रोमन एक्स म्हणजे डिसेंबर, कारण या नावांतच लॅटिन सात, आठ, नऊ, दहा आहेत.

कवटी आणि आडवी हाडं दिसली की लहान मुलं ‘समुद्री चाचे’ म्हणून ओरडतात. त्यांना तिथेच सांगा, ही त्या काळची मृत्यूची आठवण देणारी नेहमीची खूण आहे, शेजारच्या वाळूच्या घड्याळासारखीच.

बाहेर पडल्यावर टेकडी चढा

आत शिकलेलं बाहेर पक्कं होतं, आणि तिथे फोटोही काढता येतात. स्टाडहाऊसच्या बाजूच्या पायऱ्यांनी दहा मिनिटांत सेंट पॉल टेकडीवर पोचता. वरचं छप्पर नसलेलं चर्च पोर्तुगीजांचं, १५२१ मध्ये छोट्या प्रार्थनाघरापासून सुरू झालेलं. वलंदेज आल्यावर त्यांनी त्याला ‘वरचं चर्च’ म्हणून वापरलं. खालचं नवं चर्च १७५३ मध्ये उघडलं, आणि मग वरच्या जागेचं दफनभूमीत रूपांतर झालं. भिंतींना टेकवून ठेवलेले मोठे डच दगड इथे उघड्यावर उभे आहेत. सकाळच्या उन्हात त्यांची अक्षरं फरशीवरच्या दगडांपेक्षा कितीतरी स्पष्ट दिसतात. पावसानंतर पायऱ्या निसरड्या होतात, तेव्हा जपून.

याच चर्चमध्ये जाळी लावलेला एक खड्डा आहे. चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारलेल्या फ्रान्सिस झेवियर यांचं शव १५५३ मध्ये इथे पुरलं होतं. काही महिन्यांनी ते उकरून जहाजाने गोव्याला नेलं. जुन्या गोव्याच्या बॉम जीझस बॅसिलिकात जे लोक रांगा लावतात, त्यांच्या संताची ही आधीची जागा.

टेकडी पलीकडे उतरताना वाटेत डच दफनभूमी लागते. नाव डच असलं तरी बहुतेक कबरी इंग्रजांच्या आहेत, डच फक्त पाच. पायथ्याशी पोर्तुगीज किल्ल्याची उरलेली वेस आहे. तिच्या कमानीवर १६७० साल आणि डच कंपनीची मुद्रा आहे. ज्यांनी किल्ला जिंकला त्यांनी वेशीवर आपलं नाव घातलं.

आणि एक गणपती

परत चौकात येऊन पूल ओलांडा, आणि तुकांग इमास रस्ता विचारा. दहा मिनिटांवर श्री पोय्याथ विनायगर मूर्ती मंदिर आहे, १७८१ मधलं. जागा डच सरकारने इथल्या चिट्टी समाजाला दिली होती. चिट्टी म्हणजे तमिळ व्यापाऱ्यांचे वंशज, आज घरी मलय बोलणारे आणि देव हिंदूच ठेवलेले. त्याच रस्त्यावर १७४८ ची मशीद आणि जुनं चिनी मंदिर आहे. वेशीवर आपलं नाव घालणारे वलंदेज शहर चालवताना कुणाकुणाशी जुळवून घेत होते, ते या गल्लीत कळतं. कॅथलिकांवर मात्र सुरुवातीला त्यांनी बंदी घातली होती. ती सैल झाल्यावर १७१० मध्ये कॅथलिकांचं सेंट पीटर चर्च उभं राहिलं, तेही गावकुसाबाहेर.

मंदिरात चपला बाहेर काढाव्या लागतात आणि दुपारी गाभारा बंद असतो, म्हणून अकराच्या आत पोचा किंवा संध्याकाळी या. शाकाहारी जेवणासाठी इथून लिटल इंडियाकडे चालत गेलात तर केळीच्या पानावर भात, सांबार आणि भाज्या मिळतात. सकाळी नऊला चर्चपाशी सुरुवात केली तर टेकडी, वेस आणि गणपती धरून हा सगळा फेरा तीन तासांत होतो. उशीर होतोय असं वाटलं तर स्टाडहाऊसचं संग्रहालय दुपारच्या उन्हासाठी राखून ठेवा, फरशीवरच्या दगडांचा वेळ कापू नका.